एका मिरचीला दोन धागे

सुधाकर, तुझ्या खुर्चीवर मी दुसऱ्याच दिवशी बसलो. लोकांना वाटलं होतं, मी ती रिकामी ठेवीन, पाठीला हार वगैरे घालीन. पण माझ्या खुर्चीचं चाक दिवाळीपासून तुटलंय आणि ते बसवून आणायचं तू रोज कबूल करून रोज विसरत होतास. तेव्हा खुर्ची मी हक्कानं घेतली. बसल्यावर मात्र दहा मिनिटं हात की-बोर्डवर नुसते ठेवून होतो, कारण ती तुझ्या उंचीला लावलेली आणि माझे पाय जमिनीला टेकेनात.

परवा तुझी तेरवी झाली. वडनेर भोलजीहून तुझी माणसं जीप भरून आली होती. जेवणं आटोपल्यावर तुझे थोरले काका माझ्याजवळ येऊन बसले. रेखावहिनींनी त्यांना सांगितलं होतं म्हणे, की आपण दोघं ऑफिसात रोज भांडायचो. काका म्हणाले, "तुमी तं मिरचीच्या बियान्याचं काम करत होते ना कम्प्युटरवर? मंग त्यात भांडाले काय होतं?"

मी म्हणालो, "काका, पॅटर्नवरून भांडायचो."

त्यांनी मान हलवली आणि पान खायला उठून गेले. त्यांना मी नीट सांगू शकलो नाही. म्हणून तुलाच सांगतो. निदान या वेळी तू मध्ये बोलणार नाहीस.

मी पुण्यात बारा वर्षं नोकरी करून देऊळगाव राजाला परत आलो, तेव्हा माझ्या स्वतःच्या गावात मला काम दिलंस तू, नांदुरा तालुक्यातून सासरवाडीला येऊन बसलेल्या माणसानं. कॉलेजात एका बाकावर बसलो होतो, एवढीच काय ती माझी लायकी. मी आलो तो सगळे डिझाइन पॅटर्न तोंडपाठ करून. प्रोग्राम लिहिताना त्याच त्या अडचणी पुन्हा पुन्हा येतात, शहाण्या लोकांनी त्या सोडवायच्या रीती ठरवल्या आहेत, त्यांना नावं दिली आहेत, आणि ती नावं ज्याला येत नाहीत तो प्रोग्रामर कसला, असा माझा खाक्या. पहिल्याच आठवड्यात मी तुझा कोड वाचला आणि तुला विचारलं, की यात कोणता पॅटर्न आहे. तू चहा फुंकत म्हणालास, "अडचन आली का रीत सुचते बे. तू तं रीत खिशात घालून अडचन हुडकत फिरून राह्यला."

मला राग आला होता. आजही थोडा येतो, कारण वाक्य खरं होतं.

तुझा प्रोग्राम शेडनेटमधल्या, म्हणजे जाळीच्या मांडवात काम करणाऱ्या, बायांसाठी होता. आपल्याकडे मिरचीचं संकरित बियाणं नेटमध्ये करतात. बाया सकाळी एकेका फुलावर हातानं दुसऱ्या जातीचे पराग लावतात, त्याला सगळे क्रॉसिंग म्हणतात, आणि लावून झालं की फुलाच्या देठाला लोकरीचा धागा बांधतात. आठवड्याला एक रंग. पुढे एखाद्या आठवड्याच्या परागात भेसळ निघाली, तर त्या रंगाची फळं तेवढी तोडून टाकायची, बाकीचा माल वाचतो. तुझा प्रोग्राम मोबाइलवर उघडला की वर मोठी रंगीत पट्टी दिसायची. ज्या रंगाची पट्टी, त्या रंगाचा धागा. वाचता येत नसलं तरी चालायचं. इतकी साधी गोष्ट पुण्यात बारा वर्षांत मला कुणी करू दिली नव्हती, हे मी तुला तेव्हा सांगायला हवं होतं.

पण मी तेव्हा पट्टीच्या मागचा कोड बघत होतो, आणि तिथं तू सिंगलटन करून ठेवला होतास. सिंगलटन म्हणजे अख्ख्या प्रोग्राममध्ये अशी एकच वस्तू, जिच्याकडे सगळ्यांनी यायचं. गावात पिठाची गिरणी एकच असावी तशी. 'चालू आठवड्याचा रंग' ही तुझी गिरणी. अकरा गावं तिलाच रंग विचारायची आणि सोमवारी पहाटे ती सगळ्यांसाठी एकदम रंग बदलायची. मी म्हणालो, हे महागात पडेल. तू म्हणालास, "रंग तं एकच हाये ना बे, मंग वस्तू दोन काऊन पायजे?"

तो सोमवार मी जन्मात विसरणार नाही. आठवडा सोमवारी सुरू होतो हे तुला कळत होतं, मला कळत होतं, कॅलेंडरला कळत होतं. नेटमधल्या बायांचा आठवडा मात्र बाजारापासून सुरू होतो. बाजाराच्या दिवशी नेटला सुट्टी, दुसऱ्या दिवशी नवा धागा. आणि बाजार प्रत्येक गावचा वेगळा. गोदावरीबाईंच्या गावचा गुरुवारी. त्या सोमवारी त्यांच्या बाया पिवळा धागा घेऊन बसल्या होत्या, तो त्यांना बुधवारपर्यंत वापरायचा होता, आणि पट्टी झाली गुलाबी. गोदावरीबाई म्हणजे तिथल्या टोळीच्या मुकादम; त्यांनी तुला फोन केला. तू म्हणालास, "एक मिनिट, बाई," आणि पट्टी पिवळी केलीस. ती अकराही गावांत पिवळी झाली. ज्या गावांचा बाजार रविवारी होऊन गेला होता तिथून ओरड आली. तू गुलाबी केलीस. गोदावरीबाईंचा पुन्हा फोन. दुपारपर्यंत तू तीन वेळा रंग पालटलास आणि मी शेजारी बसून हाताची घडी घालून बघत होतो. मदत केली नाही. म्हटलं, होऊ दे जरा.

संध्याकाळी आपण दोघं मोटारसायकलवर त्यांच्या नेटवर गेलो. गोदावरीबाई बांधाशी हात धूत होत्या. आत झाडं बघितली तर एकेका मिरचीच्या देठाला दोन-दोन धागे, एक पिवळा, एक गुलाबी.

"बाई, हे काय केलं?" तू विचारलंस.

"तुमचं काय ठरतं ते ठरू द्या म्हटलं," त्या म्हणाल्या. "आम्ही दोन्ही बांधून टाकले. काहून रोज फोनवर भांडायचं? अन् मला सांगा, बाजार ज्याच्या त्याच्या गावचा असतो, मग रंग समद्यांचा एक कसा व्हईल?"

आपण परत येताना तू गाडी चालवत होतास आणि मी मागे. निम्म्या रस्त्यात तू एकदम हसायला लागलास. "पशा, तुह्या पुस्तकात जे शंभर पानं लागले, ते बाईनं हात धुता धुता सांगतलं." मीही हसलो, पण मला खात्री होती की पुढचा भाग मलाच येतो.

तो पुढचा भाग मी तीन आठवडे केला. प्रत्येक गावचा आठवडा वेगळा हवा ना, मग आठवड्याचा एक नमुना, तो तयार करणारा कोडमधलाच एक कारखाना, कारखाना कोणता वापरायचा ते ठरवणारा आणखी एक कारखाना, वर सुट्ट्यांचा थर. बावीस फायली झाल्या. तू त्या एकेक उघडून पाहिल्यास, माझ्या खांद्यावर हात ठेवलास आणि म्हणालास, "एक रंग विचाराले बावीस दरवाजे वाजवा लागतात. घरात कोनी हाये का नाई तेही कळत नाई." आणि तोवर तू काय केलं होतंस, तर प्रत्येक गावासाठी एक 'जर'. जर हे गाव, तर बुधवार. जर ते गाव, तर शनिवार. अकरा 'जर' एकाखाली एक. ते चालत होतं. माझं चालत नव्हतं. पुढच्या हंगामात गावं चाळीस झाली आणि तुझे 'जर' दोन पानांवर पसरले, तेव्हा तूच माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिलास. मी काही बोललो नाही. एवढं मोठं मन मी आयुष्यात एकदाच दाखवलं असेल.

मग बसून माझ्या बावीस फायलींतल्या सतरा तू खोडल्यास आणि तुझे चाळीसच्या चाळीस 'जर' मी खोडले. जे उरलं ते असं होतं: प्रत्येक गावानं स्वतःचा आठवडा स्वतःजवळ ठेवायचा, बाजाराचा वार बाहेरून सांगायचा, आणि पट्टीनं फक्त आपल्या गावाला विचारायचं. याला पॅटर्नचं नाव काय, यावर आपण पुन्हा चार दिवस भांडलो. मी म्हणायचो स्ट्रॅटेजी. तू म्हणायचास गोदावरीबाई. कोडमध्ये अजून तेच नाव आहे, कारण फाइल तू सेव्ह केलीस.

हे सगळं हसण्यावारी गेलं. दुसरा सिंगलटन नाही गेला.

सुधाकर, तो दुसरा सिंगलटन तूच होतास. पासवर्ड तुझ्या डोक्यात, कोणत्या नेटला कोणतं वाण ते तुझ्या डोक्यात, गावोगावचे लोक तुझाच नंबर लावणार, तुझ्याशीच बोलणार. तू जेवायला गेलास की ऑफिस जेवायला गेलं. मी किती वेळा म्हणालो, अरे, कागदावर उतरव, दुसऱ्या कुणाला शिकव, उद्या तुला काही झालं तर? तू म्हणायचास, "मले काय होते?" मग किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, सकाळच्या एसटीनं जालन्याला डायलिसिसला जायचं ठरलं. त्या दिवशी संध्याकाळी तू ऑफिसात येऊन भिंतीवरच्या कॅलेंडरवर मंगळवार आणि शुक्रवार खोडून टाकलेस आणि म्हणालास, "या दिवशी मी नाईच असं धरजो." मला वाटलं, आजारपणाचं बोलतोय.

पहिल्या महिन्यात मी धरलं नाही. मंगळवारी काही अडलं की तुला फोन लावायचो आणि तू उचलायचास, हाताला नळी लावलेली असताना. मग एका मंगळवारी सकाळी एका गावाहून फोन आला की पट्टी पांढरी झालीय, रंगच नाही. तिथला बाजार त्या आठवड्यात एक दिवस पुढे ढकलला होता. फुलं काही दुपारपर्यंत थांबत नाहीत. बाया धागे मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी तुला फोन लावला. वाजून बंद झाला. पुन्हा लावला. सात वेळा लावला, सुधाकर. मग शिव्या देत कोड उघडला, आणि अर्ध्या तासानं दिसलं की जुना आठवडा संपलाय, नवा सुरू व्हायचाय, आणि मधल्या दिवशी काय करायचं ते आपण कुणीच लिहिलेलं नाही. नवा सुरू होईपर्यंत जुनाच रंग ठेवायचा. दोन ओळी. साडेदहाला पट्टी निळी झाली.

बुधवारी तू आलास आणि मी विचारलं, फोन का नाही उचललास. तू म्हणालास, "हातातच होता."

त्यावर मी जे बोललो ते मला इथं लिहायलाच हवं, कारण तुझ्यासमोर मी ते परत कधी घेतलं नाही. मी म्हणालो, "तुला मरायची एवढी घाई असेल तर ऑफिसला कुलूप लाव आणि जा."

तू खाली बघत चप्पल काढलीस, जागेवर बसलास आणि म्हणालास, "कुलूप काऊन? चावी तं तुह्याजवळच हाये." आणि कामाला लागलास. गुरुवारी तू समोसे आणलेस, मी खाल्ले, आणि आपल्यात असंच मिटायचं म्हणून ते मिटलं असं मी धरून चाललो. मिटलं नव्हतं. मी ज्यासाठी तुझ्या मागे लागलो होतो तेच तू करायला घेतलं होतंस, आणि केलंस तेव्हा मला सहन झालं नाही. चूक झाली माझी. माफ कर. हे दोन शब्द बोलायला मला पुढचे सगळे बुधवार होते आणि मी एकदाही बोललो नाही.

परवा तेरवीला रेखावहिनींनी त्या मंगळवारचं सांगितलं. त्या तुझ्या उशाशीच होत्या म्हणे. फोन वाजायचा आणि तू नुसता बघत राहायचास. त्या म्हणाल्या, "मी म्हटलं, उचला ना, भाऊजी चिडतील. तर म्हणाले, थांब. सातव्यांदा वाजून बंद झाला, तेव्हा पाच मिनिटं वाट पाहिली अन् म्हणाले, आता नाई येत आठवा, त्याले सापडलं असन. मग डोळे मिटून घेतले. खूश होते हो त्या दिवशी."

तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण आनंदच जास्त होता. माझ्यावर एवढा भरवसा कुणी टाकल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही.

त्यानंतरचं वर्षभर तू स्वतःला वाटून देत सुटलास, हे मला आता दिसतं. तेव्हा मला तो आळस वाटायचा. पासवर्ड एका वहीत उतरवलेस आणि वही माझ्या खणात टाकलीस. गावाहून फोन आला की "प्रशांतशी बोला" म्हणून माझ्या हातात द्यायचास आणि समोर बसून पेपर वाचायचास. शेवटी तर हद्द केलीस. गोदावरीबाईंची सून मंगल, बारावी झालेली, नेटवर पराग लावायचं काम करायची. तिला तू ऑफिसात बोलावून नवं गाव कसं जोडायचं ते शिकवलंस. गावाचं नाव, बाजाराचा वार, पहिला रंग, झालं. मी तुला बाजूला घेऊन म्हणालो, अरे, असं बाहेरच्यांच्या हातात देतात का? तू म्हणालास, "बाहेरचे कोन बे? आपन बाहेरचे." यावरही आपलं भांडण अर्धवट आहे. ती चुकून दुसऱ्या गावचं काही पुसून टाकेल अशी मला भीती होती, आणि अजूनही मला वाटतं की तिथं एक कुंपण हवं होतं. ते मी या आठवड्यात घातलं. तुला विचारलं नाही.

आणखी एक राहिलंय. सगळे सिंगलटन काढले, पण प्रोग्रामची हजेरीवही, म्हणजे कोणी केव्हा काय बदललं त्याची नोंद ठेवणारी वस्तू, तू एकच ठेवलीस. ती एकच असायला पाहिजे असं तुझं म्हणणं. मी म्हणायचो, तीही बाजाराच्या वारासारखी प्रत्येक गावाला बाहेरून द्यावी. तू गेल्यावर मला वाटलं, राहू दे, सुधाकरची आठवण. मग म्हटलं, छे. हंगाम संपला की काढणार. भांडण टाकून गेलास म्हणून जिंकलास असं होत नाही.

तू गेलास तो ऐन क्रॉसिंगचा हंगाम. तू जायच्या आदल्या दिवशीही साठ गावांत पट्टी बरोबर रंग दाखवत होती. खरं सांगू का, मी वाट बघत होतो. पहिल्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, दहाव्यापर्यंत. कुठंतरी काहीतरी बंद पडेल, कुणीतरी फोन करून म्हणेल की हे सुधाकरभाऊंशिवाय होत नाही, आणि मी म्हणेन, होय, मलाही येत नाही. मला ते हवं होतं. तुझी जागा रिकामी झालीय हे कामालाही कळावं असं वाटत होतं. पण प्रोग्राम नेमका नीट चालत राहिला. वाईट वाटलं, आणि मग हळूहळू अभिमान वाटायला लागला, तुझा आणि थोडा माझाही.

आज दुपारी गोदावरीबाईंचा फोन आला. मी घाईनंच विचारलं, "काय अडलं, बाई?"

"न्हाई हो, अडलं काही न्हाई," त्या म्हणाल्या. "पलीकडच्या गावचं नवं नेट आजपासून चालू झालं. मंगलनं सकाळीच गाव जोडलं. रंग बी बरोबर आला. बायांनी दुपारपस्तोर समदे धागे बांधले. मग डबा सोडला अन् मला वाटलं, सुधाकरभाऊला सांगावं, लई खूश व्हईल. नंबर लावला. रिंग वाजाया लागली तवा ध्यानात आलं." मागे बायांच्या डब्यांचा आवाज येत होता. "म्हणून मग तुम्हाला लावला. कोणाला तरी सांगायचं व्हतं."

मी म्हणालो, "बरं केलं, बाई. मी सांगतो त्याला."

फोन ठेवला आणि हे लिहायला घेतलं. सुध्या, काही अडलेलं नाही.